पांढरी पाच, किंचित चढी

अप्पांचा फोन आला तेव्हा मी भुसावळच्या माझ्या दुकानात एका मिक्सरच्या आर्मेचरमध्ये अडकलो होतो. "भो, तो घूं परत आला," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी झालेली, त्यामुळे कामापुरतं बोलायची सवय.

मला खरं तर रागच आला. चारच दिवसांपूर्वी मी त्यांचं काम पुरं करून, पैसे घेऊन, वर भरीत-भाकरी खाऊन आलो होतो. काम साधं नव्हतं. अप्पांचं घर फैजपूरच्या वाटेला, गावाबाहेर केळीच्या मळ्यात. मुलाने पुण्याहून एक जुना टर्नटेबल आणून दिलेला, एलपींची पेटी आधीपासूनची: अभंग, नाट्यसंगीत, थोडं शास्त्रीय. टर्नटेबलचा सिग्नल वाढवायला लागणारा प्रीअँप त्यांनी कुणाकडून तरी बनवून घेतला होता, आणि सुरुवातीपासून त्यात हमिंग. अभंग सुरू व्हायच्या आधीच कुणीतरी तानपुरा लावल्यासारखा घूं.

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांना सांगतो, एलपीच्या सुईतून निघणारा सिग्नल म्हणजे जेमतेम ५ मिलिव्होल्ट. मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून येतो त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका समजा. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाच रुंद होऊन रेकॉर्डवर गाणी मावणार नाहीत. वाजवताना प्रीअँपने ते परत उचलायचे, असा १९५४पासूनचा ठरलेला आराखडा आहे. त्या आराखड्याप्रमाणे ५० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे सात पट उचलला जातो. आता आपल्या घरातली वीज किती हर्ट्झची? ५०. म्हणजे आपल्या वैऱ्यालाच आपण खांद्यावर बसवून आणतो.

मी खोका उघडला तर आत ट्रान्सफॉर्मर प्रीअँपच्या बोर्डाला चिकटून, विजेच्या लाटा गाळायला एक म्हातारा कन्डेन्सर आणि व्होल्टेज स्थिर ठेवण्याच्या नावाने एक झेनर डायोड. बोर्ड दोन ट्रान्झिस्टरचा, जुन्या पद्धतीचा. ऑप-अँप, म्हणजे अँप्लिफायरचा तयार आयसी, सप्लायमधला कचरा बराचसा आपला आपण गिळतो, पण हे असलं साधं सर्किट सप्लायवर जे येईल ते जसंच्या तसं पुढे पाठवतं. त्यामुळे ठरवलं की नवा पॉवर सप्लाय वेगळ्या डब्यात बांधायचा आणि मीटरभर केबलने जोडायचा.

माल मुंबईहून मागवावा लागला. आमच्याकडे आता मोबाइलच्या डिस्प्लेशिवाय काही मागितलं की दुकानदार तोंडाकडे बघतो. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज, २२०० एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कन्डेन्सर, तोही ५० व्होल्टचा, कारण आमच्याकडे व्होल्टेज कधी २५०ला गेलं तर ब्रिजच्या पुढे ३५ पार होतात आणि ३५ व्होल्टचा कन्डेन्सर फुगतो. मग एलएम३१७, व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवणारा रेग्युलेटर. हा आयसी जुना, स्वस्त आणि नीट वापरला तर शांत. नीट म्हणजे त्याच्या ॲडजस्ट पायावर १० एमएफडीचा कन्डेन्सर हवा. कंपनीच्या डेटाशीटप्रमाणे आयसीचा स्वतःचा आवाज आउटपुटच्या ०.००३ टक्के असतो. २४ व्होल्टवर तो होतो ०.७ मिलिव्होल्ट, आणि आपला सिग्नल ५ मिलिव्होल्ट! त्या एका कन्डेन्सरने हा आवाज बराच खाली येतो, आणि रिपल, म्हणजे डीसीवर उरलेल्या लाटा, दाबायची ताकद ६५ डेसिबलवरून ८० होते. दोन रुपयांची वस्तू, पण निम्मे लोक लावत नाहीत. ती लावली की सोबत एक डायोडही लावायचा, नाहीतर सप्लाय बंद करताना तोच कन्डेन्सर आयसीत उलटा रिकामा होतो.

टेबलावर सप्लाय चालू करून मी माझा सिग्नल ट्रेसर लावला. ट्रेसर म्हणजे एलएम३८६वर स्वतः बनवलेला छोटा अँप्लिफायर, पुढे टोचणी, मागे स्पीकर. आउटपुटवर टोचलं तर काहीच नाही. टोचणी लागली की नाही हे बघायला मी बोट लावलं, तेव्हा आवाज आला. इतका स्वच्छ सप्लाय मी त्याआधी बांधला नव्हता. अप्पांकडे जाऊन जोडला, आवाज पूर्ण वाढवला, फक्त सुईची खरखर. अप्पा डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "आता गायला बसला बघ." त्यावर भरीत.

आणि चार दिवसांनी हा फोन.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. मे महिना, तापीच्या पुलावरून जाताना वारासुद्धा तव्यावरून आल्यासारखा. घरी पोचलो, लावलं, घूं नाही. टर्नटेबलची अर्थची वायर घट्ट केली. केबल हलवून पाहिल्या. मग मला वाटलं अर्थिंगच गेलं असणार, कारण उन्हाळ्यात आमची काळी माती हातभर भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. नातवाला सांगून त्यात दोन बादल्या मिठाचं पाणी ओतलं. घूं नव्हताच, त्यामुळे गेला की नाही हे कळायला मार्ग नव्हता. शेवटी मी ते बोललो जे बोलायला नको होतं. "अप्पा, वयाने कानात पण असा आवाज येतो कधी कधी."

अप्पा काही बोलले नाहीत. उठले, कोपऱ्यातली बाजाची पेटी ओढली. गावच्या भजनी मंडळात त्यांची पेटी असते. भाता हलवून खर्जातली पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, दाबून धरली.

"हा सूर. जरासा चढा, पण काळी चारपर्यंत जात नाही. तू आधी जो घालवला ना, तो याच्याच खालचा होता. सूर तोच, सप्तक खालचं. आताचा एक सप्तक वर हाये. राती ये अन् ऐक मंग. दिवसा काय ऐकाले येतं?"

मी काहीतरी हूं हूं करून निघालो. बामणोदच्या आसपास पोचेपर्यंत डोक्यात ते फिरत होतं, मग गाडी बाजूला घेतली आणि मोबाइलवर हिशेब केला. पेटी ४४० हर्ट्झच्या नेहमीच्या मापाला लावलेली असेल तर खर्जातली पांढरी पाच ९८ हर्ट्झला येते. काळी चार जवळजवळ १०४. या दोघींच्या मध्ये, पांढरीच्या जवळ, "जरासा चढा": १००. आणि त्याच्या खालचं सप्तक: ५०.

हे कळल्यावर मला उन्हातही गार वाटलं. ५० हर्ट्झचा घूं ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा अर्थच्या वेटोळ्यातून येतो, वायरीत घुसतो. १००चा तसा येत नाही. वीज ब्रिजमधून गेली की दर सेकंदाला शंभर लाटा होतात, तो सूर डीसीच्या बाजूचा असतो. म्हणजे चोर अर्थिंगमध्ये नव्हताच, माझ्या डब्यात होता, त्या स्वच्छ सप्लायमध्ये. मी मिठाचं पाणी ओतत होतो आणि म्हाताऱ्याने बसल्या जागी माझं निदान करून ठेवलं होतं, तेही मी त्यांच्या कानांवर शंका घेतल्यावर.

त्याच रात्री परत गेलो. साडेनऊला जेवण झालं. अप्पांनी एक एलपी लावून ठेवली, सुरुवातीला नुसता तानपुरा असलेली. मी सप्लायचं झाकण काढून दोन मीटर लावले, एक मेनच्या सॉकेटला, एक एलएम३१७च्या इनपुटला. मेन २२५. आवाज स्वच्छ. दहा वाजायला आले तरी काही नाही.

दहाला लाइट क्षणभर गेले आणि आले. आणि मग बाहेर, अंधारात, एकामागून एक खट्, खट्, खट्.

ज्यांचं शेत आहे त्यांना हा आवाज सांगायला नको. शेतीच्या थ्री-फेजचं वेळापत्रक त्या सोमवारी बदललं होतं, दिवसाची लाइन रात्रीवर गेली होती. रात्री मोटर चालू करायला शेतात कोण जाणार, म्हणून प्रत्येक मोटरीला ऑटो. लाइन आली की ऑटो पडतो आणि एका डीपीवरच्या (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) डझनभर मोटरी जवळपास एकदम पाणी ओढायला लागतात. अप्पांचं घर त्याच डीपीवर. छताचा पंखा मंदावला. मेनचा मीटर २२५वरून १८०, मग १६८ला जाऊन थांबला.

आणि तानपुऱ्याच्या मागून तो उठला. पांढरी पाच, किंचित चढी.

रेकॉर्डचा वेग मात्र ढळला नाही, कारण टर्नटेबलची मोटर सिंक्रोनस, तिला व्होल्टेजशी फारसं घेणं नाही, ती हर्ट्झ बघते. त्यामुळे गाणं सुरात आणि मागे हा दुसरा सूर, बेसूर नव्हे, नुसता आगंतुक.

इनपुटच्या मीटरवर साडेतेवीस. हिशेब तिथेच झाला. एलएम३१७ला स्वतःसाठी वर दीड-दोन व्होल्ट लागतात. मी त्याच्याकडे २४ मागत होतो आणि त्याला मिळत होते साडेतेवीस. आउटपुट बावीसच्याही खाली आलं होतं. अशा वेळी रेग्युलेटर रेग्युलेटर राहत नाही, नुसती वायर होतो, आणि इनपुटवरचा रिपल जसाच्या तसा पुढे जातो. ८० डेसिबल वगैरे सगळं डेटाशीटमध्ये. दुकानात २३० व्होल्टवर मी जे ऐकून खूश झालो होतो ते भुसावळचं होतं, अप्पांच्या मळ्यातलं नव्हतं. पहिल्या खेपेलाच अप्पा म्हणाले होते, "राती जरा येगळं वाटतं." मी ऐकून सोडून दिलं होतं.

"स्टॅबिलायझर घेऊ का?" अप्पांनी विचारलं. फ्रिजला एक होताच. पण त्यातला रिले प्रत्येक वेळी खटका मारतो आणि तो खटका स्पीकरमधून निघतो. नको म्हटलं. दोन वाटा होत्या: मोठ्या व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर, नाहीतर आउटपुट खाली आणणं. त्या दोन ट्रान्झिस्टरना २४ची गरज नव्हती, १८-१९वर आरामात चालणार होते. सुईचे ५ मिलिव्होल्ट शंभर पट वाढवले तरी अर्धा व्होल्टच होतो.

एलएम३१७चं आउटपुट दोन रजिस्टन्स ठरवतात. माझा खालचा ४.३ के (किलोओहम) होता, तो ३.३ के करायचा. माझ्या सामानाच्या पेटीत ३.३ के नव्हता. सगळी खोकी उपसली, नाही. १५ के मात्र मूठभर. ४.३ला १५ पॅरलल लावला तर ३.३४ होतो. देवाचं नाव घेतलं.

आता गंमत. सप्लाय बंद करून कन्डेन्सर रिकामा केला आणि सोल्डरिंग आयर्न लावलं. पाच मिनिटं झाली, सोल्डर वितळेना, नुसतं पिठासारखं चिकटतंय. २५ वॅटचं आयर्न १६८ व्होल्टवर १३ वॅटचं होतं, ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते. ज्या रोगावर औषध द्यायचं तोच रोग वैद्याला. अप्पांच्या सुनेने गॅस पेटवून दिला, आयर्नचं टोक ज्योतीवर धरून आणायचं आणि पळत येऊन टाका मारायचा. टोक खराब झालं ते झालं. दोन टाके मारायला वीस मिनिटं लागली. त्याच भरात आउटपुटला ४७ ओहम आणि १००० एमएफडीची एक चाळणीही बसवली, थोडा उरलासुरला रिपल गाळायला.

लावलं. मेन १६६. इनपुट तेवीसच्या वर, आउटपुट पावणेएकोणीसला दगडासारखं स्थिर. ट्रेसर टोचला, बोट लावून खात्री केली. अप्पांनी सुई ठेवली.

तानपुरा. मागे काही नाही. बाहेर मोटरींची घरघर, पाटात पाणी सुटल्याचा आवाज, आणि आत नुसता तानपुरा. अप्पांनी पेटी जवळ ओढून पांढरी पाच हलकेच दाबली, रेकॉर्डमध्ये तिला शोधत असल्यासारखी, आणि सोडून दिली.

मी दुपारच्या बोलण्याबद्दल काही म्हणणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. स्पीकरमधून बारीकसा टक् आला होता.

"हा कोन?"

स्वयंपाकघरात फ्रिजच्या स्टॅबिलायझरने व्होल्टेज बदललं होतं. मी म्हटलं, तो पुढच्या खेपेला. अप्पा म्हणाले, "मंग दिवसा नको येऊ."