ढोम्याच्या डोक्यातला खडा

माझं माहेर सोलापूरकडचं. मासा पहिल्यांदा हातात धरला तो नोकरीला लागल्यावर, पालघरच्या किनाऱ्यावरच्या शाळेत. चौथीला प्राण्यांचं श्वसन शिकवताना फळ्यावर मासा काढला, कल्ले दाखवले, तर मागून आवाज आला, "बाई, कल्ले असे नसतात." मग ठरवलं, मासाच उघडून बघू.

सकाळी बंदरावरून पाच ढोमे मासे आणले. लोक खायला नेतात तेच. शिकवण्यासाठी म्हणून एकही जीव मारायचा नाही, हे माझं पक्कं आहे. पटावर 19 मुलं, त्यांतली दोघं माळकरी घरातली. त्यांच्यापुढे जास्वंदीची फुलं ठेवली. तेही पाकळ्या, पुंकेसर वेगळे करण्यात रमले.

पहिला काप मी घेतला आणि कातर खोल गेली. आत हिरवट पाणी पसरलं. "बाई, पित्त फुटलं! कातरीचं टोक वर धरायचं, आतलं काही कापायचं नाही." हे बोलली ती वर्षभरात हजेरीच्या 'हजर'पलीकडे तोंड न उघडलेली मुलगी. तिची आई बाजारात मासळी विकते. मी कातर तिच्या हातात दिली.

पुढचा तास तिनेच घेतला, मी फक्त जोड देत गेले. तिने कल्ल्यावरचं झाकण उचललं, आत तांबडीलाल झालर. ती लाल का, तर तिथे रक्त पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, हे मी सांगितलं. कल्ल्यांच्या मागे खालच्या अंगाला हृदय होतं, वालाच्या दाण्याएवढं. त्याला दोनच कप्पे, आपल्याला चार. मग कण्याला चिकटलेली पांढरी पिशवी तिने अलगद सोडवली. "हा भोत. घोळ माशाचा असता तर आईने विकला असता." या हवेच्या पिशवीमुळे मासा पाण्यात तरंगता राहतो आणि ढोमा तिच्यावर स्नायू थरथरवून आवाजही काढतो, असं मी म्हटलं. तर एकाने लगेच सांगितलं, "माझा आजा होडीच्या तळाला कान लावून ऐकायचा." पुस्तकात नसलेलं त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

शेवटी ती म्हणाली, "ह्याच्या टकल्यात दगड असतो, काढू?" कवटीच्या मागच्या भागात बोटाने चाचपत तिने दोन खडे काढले, चिनीमातीसारखे पांढरे, एक डावा, एक उजवा. माशाच्या कानातले हे खडे चुन्याच्या जातीचे. त्यांच्यामुळे त्याला तोल कळतो, ऐकू येतं. त्यांच्यावर थर चढत जातात आणि ते मोजून माशाचं वय काढतात. ढोम्याच्या एका भावकीचं शास्त्रीय नावच 'ओटोलिथेस', कानातल्या दगडावरून पडलेलं. सगळ्यांनी भिंगातून पाहिलं. खडे तिने धुऊन काडेपेटीत ठेवले.

साबणाने हात धुताना तिने विचारलं, "बाई, माणसाच्या कानात पण असतो?"

मला नीट सांगता येईना. "उद्या सांगते," म्हटलं. रात्री वाचलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच तिला गाठून सांगितलं, "असतो, पण दगड नाही. चुन्याचे अगदी बारीक कण, डोळ्यांना न दिसणारे. आपला तोलही तेच सांभाळतात."

तिने मान जोरात हलवली, डोळे मिटले आणि ऐकत उभी राहिली.