पिवळा दिवा आणि चाळीस सीटची बस: माझा अनुभव

स्कूल व्हॅन चालवायचे तेव्हा पिवळ्या दिव्याचं ओझं कधी वाटलं नाही. व्हॅन हलकी, ब्रेकवर पाय पडला की लगेच लागणार. शाळेची चाळीस सीटची बस हातात आली तेव्हा गिअर, स्टिअरिंग, रिव्हर्स हे त्यामानाने लवकर जमलं. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो हिरवा जाऊन लाल येईपर्यंतच्या तीन सेकंदांनी. हेवी लायसन्स काढायला निघालेल्या ओळखीच्या दोघी-तिघींनी मला नेमकं हेच विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

लायसन्सचं आधी उरकते. हेवीचं लर्निंग काढायचं तर हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं आणि वय २० पूर्ण हवं. डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-ए आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ लागतो. लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवस झाले की टेस्ट देता येते. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे शाळा लवकर सुटलेल्या कितीतरी जणींना आता हे काम करता येईल आणि त्यांनी ते करावं असं मला मनापासून वाटतं. टेस्टच्या मैदानात वळण असतं, रिव्हर्स असतं. वाहता चौक नसतो. तो रस्त्यावरच शिकावा लागतो.

मला शिकवणारे काका एसटीतून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्या दिवशी गाडी हलवूच दिली नाही. इंजिन चालू करून हवेच्या काट्याकडे बघत बसायला लावलं. बसचे ब्रेक हवेवर चालतात. कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो, आपण पाय दाबला की ती नळ्यांतून चाकांपर्यंत जाते आणि मग ब्रेक धरतो. या प्रवासाला साधारण अर्धा सेकंद लागतो. काका म्हणाले, “ताई, ही गाडी पायाने थांबत नाही, हवेने थांबते. हवेला पोचायला वेळ द्या.” उगाच पुन्हापुन्हा पाय मारला तर टाकीतली हवा उतरते, हेही त्यांनी काटा दाखवून समजावलं.

मग त्यांनी मला बोलत गाडी चालवायला लावलं. समोर जे दिसेल ते मोठ्याने म्हणायचं. “हिरवा आहे.” “कधीपासून?” “माहीत नाही.” “मग जुना समजा.” हा संवाद आमचा प्रत्येक चौकाआधी व्हायचा. माझ्या डोळ्यांदेखत लालाचा हिरवा झाला असेल तर तो नवा, त्याच्यावर थोडा भरवसा ठेवता येतो. मी लांबून येताना आधीच हिरवा असेल तर तो कधीही जाणार. तो जुना झाल्याच्या खुणाही चौकात असतात. आपल्या बाजूची रांग निघून जाऊन गाड्या विरळ झालेल्या असतात. झेब्राच्या टोकाशी माणसं जमलेली असतात. आडव्या रस्त्यावरच्या दुचाकी स्टॉप लाइन ओलांडून पुढे सरकलेल्या असतात आणि त्यांचे चालक स्वतःच्या सिग्नलऐवजी आपल्या सिग्नलकडे बघत असतात. पुण्यात ही शेवटची खूण फार खात्रीची. आपला पिवळा पडला की ते निघालेच.

मला हे सगळं पटत होतं, पण किती अंतरावरून थांबायचं याचा आकडा हवा होता. माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. एका संध्याकाळी तिने वहीवर गणित मांडलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. पिवळा ३ सेकंदांचा धरला तर तेवढ्यात ३३ मीटर. म्हणजे पिवळा पडताना मी लाइनपासून ३३ मीटरच्या आत असेन तर लाल लागायच्या आधी बसचं तोंड लाइनवर पोचतं. आता थांबायचं म्हटलं तर? पिवळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, ११ मीटर. हवेचा अर्धा सेकंद, साडेपाच मीटर. त्यानंतर मुलं सीटवरून पुढे न फेकली जाता थांबायचं तर आणखी ३० मीटर सहज. बेरीज साधारण ४७ मीटर. म्हणजे ३३ ते ४७ च्या मधल्या पट्ट्यात बस असताना पिवळा पडला तर लालाआधी लाइनही गाठता येत नाही आणि सावकाश थांबताही येत नाही. कचकन ब्रेक मारून थांबता येईल, पण मग उभं राहून दप्तर काढणारं मूल कुठे जाऊन आदळेल?

मुलीने पुढे शोधलं तर हा प्रश्न फार जुना निघाला. १९६० मध्येच गॅझिस, हर्मन आणि मॅरडुडिन या तीन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत पिवळ्या दिव्यावर शोधनिबंध लिहिला होता. नियम पाळणाऱ्या, सावध ड्रायव्हरलाही काही वेळा असा पट्टा लागतो जिथे थांबणं आणि जाणं दोन्ही बरोबर बसत नाही, हे त्यांनी गणिताने दाखवलं. ते वाचून मला फार बरं वाटलं. अडचण माझ्या हातापायांत नव्हती, वेग आणि वेळ यांच्यातच होती. मग वेग बदलला तर?

तेच गणित ताशी ३० ला केलं. सेकंदाला ८.३ मीटर, पिवळ्याच्या ३ सेकंदांत २५ मीटर, थांबायला ३०. पट्टा चौदा मीटरवरून पाचावर आला. आणि पाय आधीच ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर नुसता ठेवलेला असेल तर तो एक सेकंद अर्ध्यावर येतो, थांबायला २६ मीटर पुरतात. पट्टा जवळजवळ मिटलाच! काका “जुन्या हिरव्याला पाय ब्रेकवर” असं का म्हणत होते ते तेव्हा कळलं. ते गणित न मांडता तिथे पोचले होते, याचं मला अजून नवल वाटतं.

राहिला प्रश्न चालत्या बसमधून २६ मीटर ओळखायचे कसे. माझा रूट बावधनहून चांदणी चौक, पौड रोड, वनाज, आनंदनगर असा नळ स्टॉपपर्यंत. वनाजपासून पुढे या रस्त्यावर मधोमध मेट्रोचे खांब आहेत. एका रविवारी सकाळी वनाजपाशी फुटपाथवरून पावलं टाकत मी दोन खांबांमधलं अंतर मोजलं. ते २५ ते ३० मीटरच्या दरम्यान भरलं. इतकी सोयीची मोजपट्टी रस्त्याच्या मधोमध उभी होती. मग नियम ठरवला. कोरड्या रस्त्यावर, ३० च्या वेगाला, स्टॉप लाइनच्या अलीकडचा एक खांब ही माझी खूण. त्या खांबाआधी पिवळा दिसला तर थांबायचं, खांब मागे पडल्यावर दिसला तर जायचं. ४० चा वेग असेल तर दोन खांब अलीकडेच पाय उचलून तो ३० वर आणायचा, मग तीच खूण. पावसात दोन खांब अलीकडूनच वेग ३० च्याही खाली, आणि जूनच्या पहिल्या सरीत, रस्त्यावरचं तेल-धूळ ओली होऊन सटकतं तेव्हा, वेग आणखी खाली.

यात सगळ्यात मोलाचं काय, तर निर्णय पिवळा पडल्यावर घ्यावाच लागत नाही. खूण येईपर्यंत मनात एकच वाक्य, “पिवळा आला तर थांबणार.” खूण ओलांडली की वाक्य बदलतं, “आता जाणार.” आणि बदलल्यावर पुन्हा मागे फिरायचं नाही. अर्धवट ब्रेक मारून परत ॲक्सिलरेटर देणारी बस चौकाच्या मधोमध अडकते. कायद्याचं म्हणणंही वेगळं नाही. पिवळ्याला लाइनच्या अलीकडे थांबायचं, फक्त इतकं जवळ आलो असू की थांबणंच धोक्याचं, तेव्हा पुढे जायचं. लाल तोडणं तर २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच धरलं जातं.

‘जाणार’ म्हणताना बसची लांबी विसरून चालत नाही. तोंड लाइनवर पोचलं म्हणजे बस पोचली असं नाही. माझी बस दहा मीटरच्या आसपास, चौक ३० मीटर रुंद धरला तर शेपूट पलीकडे जायला ४० मीटर कापावे लागतात. ताशी ३० ला जवळपास पाच सेकंद, २० ला सात. पिवळ्याच्या शेवटच्या क्षणी शिरलं तर आडवे दुचाकीवाले मागच्या चाकांपाशी पोचलेले असतात. म्हणून खुणेच्या आधी मी आणखी एक गोष्ट बघते, पलीकडे माझी पूर्ण बस मावेल एवढी जागा मोकळी आहे का. पौड फाट्याकडे सकाळी पुढची रांग चौकापर्यंत तुंबलेली असते. जागा नसेल तर हिरवा असला तरी लाइनवर थांबते. मागून हॉर्न वाजतात, वाजू देत.

हॉर्नचा ताण सुरुवातीला खरंच येतो. मोठी गाडी ‘निघून जाईल’ असं मागचा धरून चालतो आणि तिच्या आडोशाने आपणही निघू म्हणून चिकटून येतो. त्याला बसमुळे सिग्नल दिसतही नसतो. म्हणून थांबायचं ठरलं की मी आधी ब्रेक हलका टेकवते, मागचे लाल दिवे लागतात, त्याला सूचना मिळते, मग जोर वाढवते. चौकाआधी डाव्या आणि उजव्या आरशात एकेक नजर टाकते. अगदी चिकटून कोणी असेल तर वेग आणखी आधीपासून उतरवते. आणि बसपुढे मोकळं ठेवलेलं अंतर दुचाकी भरून काढतात, तेव्हा ते पुन्हा तयार करायचं, कितीही वेळा.

चांदणी चौकातून कोथरूड डेपोकडे उतरताना हे सगळे आकडे अपुरे पडतात. उतारावर भरलेली बस थांबायला जास्त जागा घेते. तिथे मी वरूनच खालच्या गिअरमध्ये येते, म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे अजूनही आहेत. महामार्गावरच्या नवले पुलाच्या उतारावर जे अपघात होत आले ते बघूनही कोणी असं करतं तेव्हा माझा जीव तुटतो. न्यूट्रलमध्ये इंजिनचा आधार जातो. इंजिन बंदच केलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो.

टायमरबद्दल एक सांगायचं राहिलं. आकडे उलटे मोजणारा टायमर दिसला की मला मदत होते, पण थांबायचं ठरवायला. ५ दिसला आणि मी दोन खांबांच्या अलीकडे असेन तर पाय आपोआप उचलला जातो. तोच आकडा बघून वेग वाढवणारेही असतात, आणि मोठ्या गाडीत ते करूच नये. गर्दीप्रमाणे वेळ बदलणाऱ्या सिग्नलवर तर मागच्या फेरीच्या अंदाजाचा काही उपयोग नाही. तिथे जुना हिरवा तो जुना.

माझ्या बसमध्ये मुलांवर लक्ष ठेवायला एक ताई असतात. मी थांबायचं ठरवलं की त्यांना एकच शब्द सांगते, “चौक.” त्या उभ्या असलेल्या मुलांना बसवतात, स्वतः दांडा धरतात. आता मोठी मुलंही तो शब्द ओळखून लहानांना खाली बसवतात.

जूनपासून मला सिंहगड रोडचा रूट मिळतो आहे. तिथे मेट्रोचे खांब उपयोगाचे नाहीत, दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतील. विजेचे खांब, दुकानाची पाटी, बसथांबा, काहीही चालेल, पण हलणारं नको. मे महिन्यात शाळा बंद असताना पहाटे स्कूटरवर जाऊन प्रत्येक सिग्नलपाशी पावलं मोजून ठेवणार आहे, आणि मुलीला वही घेऊन सोबत येशील का असं आत्ताच विचारून ठेवलं आहे.