9 सीझन आणि अनुभवाचा एक दाखला

अनुभवाचा दाखला म्हणजे लेटरहेडवरच्या चार ओळी. कॉलेजात फुटबॉल कोच म्हणून केलेल्या कामाच्या त्या चार ओळी मिळवायला मला 4 महिने आणि 11 हेलपाटे लागले. अजून राग गेलेला नाही.

मी कोल्हापूरचा. पेठेच्या संघाकडून शाहू स्टेडियमवर खेळलो, गुडघा दुखावल्यावर कोचिंगकडे वळलो. बी.पी.एड., एम.पी.एड. या शारीरिक शिक्षणातल्या पदव्या घेतल्या, फुटबॉल महासंघाचं कोचिंगचं डी लायसन्स काढलं, सेट म्हणजे कॉलेजातल्या नोकरीसाठीची राज्याची पात्रता परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात सुटली. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की लायसन्सच्या कोर्सला तुम्ही किती भारी खेळायचा हे कुणी विचारत नाही. मुलांना उभं करून सेशन कसं घेता ते बघतात. त्याची तयारी करून जा.

आपल्याकडच्या कॉलेजात फुटबॉल कोच असं मंजूर पदच नसतं. पद असतं शारीरिक शिक्षण संचालकाचं. कबड्डीपासून अ‍ॅथलेटिक्सपर्यंत सगळं त्यांच्याकडे. फुटबॉलला बाहेरचा कोणीतरी मानधनावर येतो. तो बाहेरचा कोणीतरी म्हणजे मी. शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात 9 सीझन. पहाटे 6 ला मैदानावर, पावसाळ्यात चिखलात, झोनलला, म्हणजे विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेला, मुलांबरोबर एसटीनं. माझी दोन मुलं विद्यापीठाच्या संघात गेली, त्याचा मला आजही अभिमान आहे.

मग दुसऱ्या एका कॉलेजात संचालकाची जाहिरात निघाली. अर्जाला अनुभवाचे दाखले जोडायचे होते. वाटलं, एका दिवसाचं काम.

"सर, मस्टरला तुमचं नाव कुठं हाय?" क्लार्क म्हणाले. नव्हतंच. मला तोंडी बोलावणाऱ्या संचालकांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. पैसे जिमखान्याच्या निधीतून व्हाउचरवर मिळायचे. मी म्हटलं, व्हाउचर बघा. पाचव्या खेपेला फायली निघाल्या. एका वर्षी लिहिलं होतं 'मैदान दुरुस्ती', पुढच्या तीन वर्षी 'किरकोळ खर्च'. सही माझी, रक्कम माझी, पण कोच हा शब्द कुठंच नाही. त्या टेबलापाशी उभं राहून माझ्या डोळ्यात पाणी आलं. व्हाउचरवर वर काय लिहिलंय ते न वाचता मी वर्षानुवर्षं खाली सही करत होतो. तुम्ही ते आजच वाचा.

प्राचार्य नवीन होते. "माझ्या काळातलं नाही, मी सही कशी करू?" त्यांनी संस्थेकडे पाठवलं, संस्थेनं कॉलेजकडे. मग दिवाळीची सुट्टी लागली. मग परीक्षा. मग क्लार्क रजेवर. "काय सर, परत आलासा?" हे वाक्य शिपायाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की फाटकातूनच माघारी फिरावंसं वाटायचं. अर्जाची मुदत जवळ येत होती आणि घरी मी सगळ्यांवर खेकसत होतो.

वाट निघाली ती ग्रंथालयातून. निवृत्त संचालकांच्या घरी गेलो तेव्हा ते म्हणाले, "अरे, कॉलेजचे वार्षिक अंक बघितलेस का?" दरवर्षीच्या अंकात जिमखाना विभागाचा अहवाल असतो, संघाचे फोटो असतात, खाली नावं असतात. ग्रंथालयातल्या मावशींनी बांधीव अंक काढून दिले, मी दुपारभर पानं उलटली. 'बसलेले, डावीकडून' या ओळीत माझं नाव, पुढे 'फुटबॉल प्रशिक्षक'. एका अंकात, दुसऱ्या अंकात, एकूण 7 अंकांत. कॉलेजनं स्वतः छापलेलं, कॉलेज नाही कसं म्हणणार? निवृत्त संचालकांनी झोनलच्या प्रवेश अर्जांच्या झेरॉक्सही दिल्या, त्यांवर प्रशिक्षक म्हणून माझी सही होती.

प्राचार्यांनी सगळं बघितलं आणि टाईप करायला सांगितलं. पहिल्या मसुद्यात आलं, 'यांनी खेळाडूंना सहकार्य केले'. मी हात जोडून पण ठामपणे सांगितलं, 'फुटबॉल प्रशिक्षक म्हणून मानधन तत्त्वावर काम केले' असंच पाहिजे. वर जावक क्रमांक आणि तारीख घालून घेतली. ती नसेल तर पुढचं ऑफिस त्या कागदाला विचारत नाही.

दाखला 7 वर्षांचा मिळाला. ज्या दोन वर्षांच्या अंकांत फोटो नव्हता ती गेली. त्यातल्याच एका वर्षी आम्ही इंटर झोनलला, म्हणजे झोनलच्या पुढच्या फेरीला, पोचलो होतो.

संचालकाच्या पदासाठी शारीरिक क्षमता चाचणीही द्यावी लागते, तिचं सांगायचं राहिलं. पुरुषांना 12 मिनिटांत वयाच्या 30 पर्यंत 1800 मीटर, 40 पर्यंत 1500, 45 पर्यंत 1200. महिलांना 8 मिनिटं, अंतर कमी. मी 38 चा, दुखऱ्या गुडघ्यावर 1500 सहज झाले. दोन महिने रंकाळ्यावर रोज पळत होतो. धावण्याआधी डॉक्टरांचा तब्येत ठीक असल्याचा दाखला द्यावा लागतो, तो आदल्या दिवशी शोधू नका. आणि तुम्ही स्वतः कॉलेजकडून किंवा विद्यापीठाकडून खेळल्याची प्रमाणपत्रंही लागतात. माझी आईनं ट्रंकेत जपून ठेवली होती.

नेमणूक झाली. आता माझ्या कॉलेजात फुटबॉलला एक तरुण कोच मानधनावर येतो. त्याचं पत्र मी सीझनच्या आधी काढतो, व्हाउचरवर 'फुटबॉल प्रशिक्षक मानधन' असंच लिहायला लावतो. मागच्या आठवड्यात त्याला सीझनचा दाखला दिला. त्यानं न वाचता घडी घालून खिशात टाकला. मी परत काढायला लावला, सगळा मोठ्यानं वाचायला लावला आणि सांगितलं, आधी झेरॉक्स काढ, मूळ प्रत घरी ठेव.