खाणीत भीती कशाची वाटायची?

चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत मी मायनिंग सरदार, म्हणजे शिफ्टमधल्या माणसांची सुरक्षा बघणारा मुकादम, होतो हे कळलं, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा पुढचा प्रश्न ठरलेला: ‘गॅसची भीती नाही वाटायची?’ तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो.

गॅस असतोच. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की एक ठिणगी पुरते, म्हणून सव्वा टक्क्यालाच वीज तोडून माणसं बाहेर काढायची. सेफ्टी लॅम्पची ज्योत बारीक करून छताशी नेली की गॅस असल्यास तिच्यावर निळसर टोपी चढते, ती ओळखायला आम्ही शिकलो होतो. पाण्याचंही भय होतं. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसलं आणि 375 माणसं गेली. जुने लोक ते नाव हळू आवाजात घ्यायचे.

पण रोजची भीती छताची.

शिफ्ट लागली की आधी छत ठोकायचं. काठी वर मारायची, दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवून ठेवायची. घट्ट छत खणखणतं. सुटलेलं पिकल्या टरबुजासारखं भदभद वाजतं, बोटांना थरथर लागते. छत पेलायला सोडलेले कोळशाचे पिलर शेवटी काढताना मागचं छत मुद्दाम पडू देतात, त्या पोकळीला गोफ म्हणतात. तिच्या तोंडाशी छताला टेकू म्हणून लाकडी बल्ल्या उभ्या करायच्या. लोखंडी प्रॉप जास्त वजन झेलतो, पण कोळसा भरणाऱ्या म्हाताऱ्या लोडरांचा भरवसा बल्लीवर: ती मोडण्याआधी करकरते.

एका सेकंड शिफ्टला बल्ल्या करकरायला लागल्या. कोळशाचे चार टब, म्हणजे रुळांवरचे डबे, भरायचे राहिले होते. मी म्हणालो, ‘तेवढे भरा, मग निघू.’ एका छत्तीसगढी लोडरने फावडं खाली ठेवलं. ‘आज नहीं, बाबू,’ म्हणाला आणि चालू लागला. बाकीचे त्याच्या मागे. मी चिडून शेवटी, त्याचा रिपोर्ट कसा लिहायचा याची मनात जुळवाजुळव करत.

टब ओढून नेतात त्या हॉलेजच्या रस्त्याला लागलो आणि पाठीवर वाऱ्याचा धक्का बसला. पाठोपाठ इतकी धूळ, की कॅपलॅम्पच्या उजेडात स्वतःचा हात दिसेना. गोफ आमच्या जागेसकट बसला होता.

रिपोर्ट मीच लिहिला. त्यात आहे, ‘सरदाराने माणसं वेळीच बाहेर काढली.’