तुम्ही विचारलंत म्हणून: उपासानं संधिवात बरा होतो का?

वेंगुर्ल्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाऊजचं माप द्यायला आलेली बाई माझ्या बोटांकडे बघते आणि माप बाजूला राहतं. "तुम्ही उपास करता ना? त्यानं बरं झालं का?" कुणाच्या आईला संधिवात असतो, कुणाच्या जावेला, कुणाला स्वतःलाच नुकतं निदान झालेलं असतं. मी एकादशी करते, श्रावणी सोमवार करते, रात्री उशिरा जेवत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे उपासानंच माझे हात चालायला लागले, असा समज झाला तर त्यात नवल नाही.

पण माझे हात चालायला लागले ते औषधानं. उपासानं आणि खाण्यानं हातभार लावला, आणि तो हातभार माझ्यासाठी मोलाचा आहे, म्हणून सविस्तर सांगते.

आधी आजार कोणता ते बघा. वयानुसार गुडघा झिजतो ते वेगळं. मला आहे तो रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते, तिथे सूज येते, आणि ती आवरली नाही तर हाड खाल्लं जातं. सकाळी हात उघडत नाहीत. ब्लाऊजला हूक लावायचं तर सुई अंगठा आणि पहिल्या बोटात धरून दोरा छोट्या फासातून ओढावा लागतो. सूज असलेल्या दिवशी सुई धरलेली दिसते पण बोटांना जाणवत नाही, निसटून खाली पडते. म्हणून हूक-काजाचं काम मी अजूनही दुपारीच करते.

आता उपासाचं. त्यात तथ्य आहे, थोतांड नाही. 1991 साली नॉर्वेतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यांनी आमवाताच्या 53 रुग्णांचे दोन गट केले. 27 जणांना सात ते दहा दिवस जवळपास उपाशी ठेवलं: भाज्यांचं सूप, गाजर-बिटाचा रस, लसूण, काढे, एवढंच. पुढे वर्षभर शाकाहार, पहिले काही महिने दूध आणि गहूही बंद, आणि एकेक पदार्थ परत सुरू करताना दुखणं वाढतंय का यावर लक्ष. दुसरा गट नेहमीसारखं खात राहिला. उपासवाल्यांची सूज आणि दुखणं कमी झालं आणि वर्षभर पुष्कळसं कमीच राहिलं. पण दोन गोष्टी लोक सांगत नाहीत. एक, आपण काय खातोय हे रुग्णाला दिसतंच, त्यामुळे आशेनं किती बरं वाटलं आणि आहारानं किती, हे वेगळं काढणं अवघड. दुसरी, नुसता उपास करून पुन्हा पहिल्यासारखं खाल्लं की सूज परत येते, हे इतर अभ्यासांतही दिसलेलं आहे. म्हणजे उपास सुटल्यावर ताटात काय येतं, तिथे खरी गोष्ट आहे.

'उपासाला नोबेल मिळालं' हेही मला बरेचजण दाखवतात. 2016 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमींना मिळालं. पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून पुन्हा वापरतात, त्या क्रियेवरच्या कामासाठी. त्यांनी उपाशी ठेवल्या होत्या त्या यीस्टच्या पेशी. मोठंच काम आहे, पण त्यावरून माझ्या मनगटाला एकादशीनं काय होईल, ते कळत नाही.

गोळ्यांबद्दल मात्र मी कुणालाही हात जोडून सांगते. मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. मी ते रविवारी रात्री घेत असे आणि सोमवारी दिवसभर मळमळायचं. त्यात श्रावणी सोमवारचा उपास संध्याकाळपर्यंत! डॉक्टरांना विचारलं, त्यांनी वार बदलून दिला. आता गोळी गुरुवारी. विचारायला एक वाक्य लागलं. दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर पोटात जखम होऊ शकते. स्टेरॉइड चालू असेल तर उपासासाठी ते एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. आणि निर्जळी हरतालिका मी सोडली. अंगातलं पाणी कमी झालं की या औषधांचा भार मूत्रपिंडावर येतो. सासूबाईंनी स्वतःच सांगितलं, "पाणी पी गो, देव काय रागावणा नाय." ज्यांना मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरूच नये, साखर उतरली की माणूस बसल्या जागी कोसळतो. वजन आधीच घटलेलं असेल तरी नको. या आजारात मांस झडतं, त्यात उपासाची भर कशाला?

आणि उपास म्हणजे तरी काय? एकादशी दुप्पट खाशी, ते खोटं नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, वर तूप, दाण्याचं कूट, बटाट्याचे तळलेले पापड. ते खाऊन सूज उतरेल, असं कुणी सांगितलं तर मी मानणार नाही. मी उकडलेली रताळी, करांदे, ताक, एखादं फळ यावर राहते. रोजचा नेम म्हणाल तर दिवेलागणीला जेवते, मग सकाळी पेजेपर्यंत काही नाही. यानं माझी झोप सुधारली, वजन आवरलं, आणि वजन आवरल्यानं घोट्यांना आराम पडला.

मला सगळ्यात आवडतो तो ऋषिपंचमीचा उपास. गणपती आले की दुसऱ्या दिवशी. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून परसात आपसूक आलेलं आणि हातानं लावलेलं काय ते: अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, दोडका, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे. फोडणी नाही. आमच्याकडे अळूची देठं सोलून खाली घालतात, वर सुरणाच्या फोडी, सगळ्यात वर पाला, थोडी चिंच, हिरवी मिरची, आणि झाकणावर पाणी ठेवून भाजीच्या अंगच्या पाण्यात शिजवतात. शेवटी मूठभर ओलं खोबरं. सूज कमी करणारं खाणं म्हणून डॉक्टर जे सांगतात, म्हणजे पाला भरपूर, तंतू भरपूर, तळण नाही, मैदा-साखर नाही, ते सगळं त्या एका टोपात असतं. आता मी ती भाजी पावसाळाभर करते, पंचमीची वाट बघत नाही.

मासे सोडावेत का, हाही प्रश्न असतो. मी सोडले नाहीत. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे, त्यांच्या तेलातल्या ओमेगा-3 या चरबीनं सांध्यांची सूज थोडी कमी होते, हे बऱ्यापैकी सिद्ध आहे. मात्र अभ्यासांत गुण आला तो दिवसाला साधारण 3 ग्रॅमच्या मात्रेला, तोही दोन-तीन महिने सतत घेतल्यावर. रोजच्या ताटातून तेवढं मिळणं कठीण. तरी तळलेल्या सुरमईपेक्षा बांगड्याचं तिकलं बरं. तिरफळं जरा ठेचून, हळद, मिरची, आमसुलं, बस. हळदीचंही खूप बोललं जातं. तिच्यातलं कुरकुमिन वजनाच्या जेमतेम 3 टक्के, आणि नुसतं खाल्लं तर अंगी फारसं लागत नाही. जेवणात हळद हवीच, गोळीच्या जागी नको. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सुक्या बांगड्याचा मोह होतो, पण त्यातलं मीठ रक्तदाबाला वाईट, आणि या आजारात हृदयाचा धोका तसाही जास्त असतो. त्या दिवसांत कुळथाची पिठी, अंडी, टाकळ्याची भाजी.

आंबट बंद करा, असं घरोघरी सांगतात. मी सोलकढी बरेच दिवस बंद करून पाहिली, हातांना फरक पडला नाही, मग परत सुरू केली. तुमचं वेगळं असू शकेल. एक पदार्थ काही आठवडे बंद ठेवायचा, परत घ्यायचा, सकाळी हात किती वेळानं उघडतात ते वहीत लिहायचं. एका वेळी चार पदार्थ सोडले तर काहीच कळत नाही, आणि माणूस मात्र वाळतो.

तेव्हा आईसाठी विचारत असाल तर आधी तिच्या गोळ्यांची यादी करा, वेळेसकट. ती यादी आणि ती करते त्या उपासांची नावं, दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा. आणि हे श्रावण लागायच्या आधी करा, म्हणजे गोळीचा वार बदलायचा झाला तर वेळ मिळेल.