दिले ते दिले

एखादा आकडा एकने वाढवणे हे संगणकाला सांगता येण्याजोग्या कामांपैकी जवळजवळ सर्वांत सोपे काम आहे, असे आपण धरून चालतो. प्रोग्रॅममध्ये ते एका ओळीत लिहिले जाते आणि वाचणाऱ्याला एकसंध दिसते. प्रत्यक्षात मात्र त्याचे तीन तुकडे होतात: स्मृतीतला जुना आकडा उचलायचा, त्यात एक मिळवायचा आणि आलेली बेरीज पुन्हा जागेवर ठेवायची. प्रोग्रॅममध्ये एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एकच स्वतंत्र धागा, चालू असेल तोवर या तुकड्यांशी आपल्याला काही देणेघेणे नसते. दोन थ्रेड त्याच आकड्यावर काम करू लागले, की दोघेही एकाच सुमारास ४१ उचलू शकतात, दोघेही आपापल्या परीने त्याचे ४२ करतात आणि दोघेही प्रामाणिकपणे ४२ परत ठेवतात. कामे दोन झाली, नोंद एकाची राहिली. कोणतीही ओळ चुकीची नव्हती, तरी हिशेब चुकला.

या चुकीला ‘रेस कंडिशन’ म्हणतात, आणि तिचा स्वभाव मोठा लबाड असतो. ती रोज घडत नाही. चाचणीच्या वेळी ती गप्प बसते, तपासण्यासाठी मध्ये एखादी छापण्याची ओळ घातली की वेळेचे गणित बदलून ती नाहीशी होते, आणि ग्राहकाच्या यंत्रावर भर गर्दीच्या वेळी मात्र उगवते. ती नेहमी निरुपद्रवीच असते असेही नाही. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने काही रुग्णांना प्रमाणापेक्षा कित्येक पट अधिक किरणमात्रा दिली. असे सहा अपघात नोंदले गेले आणि त्यांत रुग्ण दगावलेही. त्यामागच्या दोषांपैकी एक असा होता, की यंत्राच्या प्रोग्रॅममधली एकाच वेळी चालणारी निरनिराळी कामे तीच सामायिक माहिती पुरेशी राखण न ठेवता वाचत आणि बदलत होती.

यावर दोन उपाय आहेत, लॉक आणि रांग. पहिला लॉकचा. सामायिक माहितीला हात लावण्याआधी लॉक घ्यायचा, काम उरकायचे आणि तो सोडायचा. तोवर बाकीच्यांनी थांबायचे. उपाय रास्त आहे आणि त्याच्यावाचून पानही हलत नाही, पण तो सर्वस्वी संकेतावर चालतो. दहा ठिकाणी लॉक घेऊन अकराव्या ठिकाणी विसरले, तर बहुतेक भाषा ते मुकाट्याने चालू देतात. कोणता लॉक कोणत्या माहितीची राखण करतो हे प्रोग्रॅममध्ये सहसा कुठेच लिहिलेले नसते. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि त्याने नोकरी बदलली की त्याच्याबरोबर जाते. शिवाय एका थ्रेडने आधी पहिला लॉक घेऊन दुसऱ्याची वाट पाहावी आणि दुसऱ्या थ्रेडने आधी दुसरा घेऊन पहिल्याची, असे झाले की दोघेही कायमचे खोळंबतात. या डेडलॉकमध्ये प्रोग्रॅम कोसळत नाही, तक्रार करत नाही, नुसता थांबून राहतो. कोसळणारा प्रोग्रॅम त्या मानाने सज्जन म्हणायचा.

दुसरा मार्ग माहितीभोवती पहारा बसवण्याचा नाही, तर ती एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती रीतसर सोपवण्याचा आहे, आणि त्याची पद्धत पिठाच्या गिरणीत बिनबोभाट चालू असते. आपण दळणाचा डबा नेतो, झाकणावरच्या चिठ्ठीत नाव आणि ‘जाडसर’ की ‘बारीक’ ते लिहितो, डबा ओळीत शेवटी ठेवतो आणि घरी येतो. चक्कीजवळ उभे राहून गिरणीवाल्याच्या हाताकडे पाहत बसावे लागत नाही. तो आपल्या गतीने ओळीतला पहिला डबा उचलतो, दळतो आणि बाजूच्या पिठाच्या रांगेत ठेवतो. आपण आणि गिरणीवाला एकाच वेळी एकाच डब्यात हात घालत नाही, कारण डबा ठेवेपर्यंत तो आपला असतो, ठेवल्यावर त्याचा होतो आणि परत उचलला की पुन्हा आपला. प्रोग्रॅममधली रांग, म्हणजे क्यू, नेमके हेच करते. एक थ्रेड ‘पुट’ म्हणून वस्तू ठेवतो, दुसरा ‘गेट’ म्हणून ती उचलतो, आणि दोघांना एकमेकांची नावेही ठाऊक असण्याचे कारण नसते.

या व्यवस्थेत एक अट मात्र दडलेली आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. घरी आल्यावर गव्हात सोयाबीन घालायचे राहिले हे आठवले, तर परत जाऊन, गिरणीवाल्याचे लक्ष नसताना, रांगेतल्या डब्यात मूठभर ओतून यायचे नाही. दिले ते दिले. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत रांगेत यादी ठेवली, तर त्या यादीची नक्कल ठेवली जात नाही, फक्त तिचा पत्ता जातो. ठेवणाऱ्या थ्रेडने नंतर तीच यादी रिकामी करून पुढच्या कामाला वापरली, तर घेणाऱ्याच्या हाती भलतेच काही लागते, आणि रांग संपूर्ण सुरक्षित असूनही माहिती सुरक्षित राहत नाही. रांग रांगेची राखण करते. रांगेत ठेवलेल्या वस्तूची राखण ठेवणाऱ्याच्या सभ्यतेवर सोपवलेली असते. गो भाषेच्या मंडळींचे एक प्रसिद्ध वचन आहे, की स्मृती सामायिक करून संवाद साधू नका, संवाद साधून स्मृती सामायिक करा. वचन सुरेख आहे, पण त्याच भाषेत चॅनलमधून, म्हणजे तिथल्या रांगेतून, पत्ता पाठवून वर तो स्वतःजवळही ठेवता येतो आणि कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या ओळी तपासून त्यांचा चालणारा प्रोग्रॅम करणारी यंत्रणा, काही म्हणत नाही. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट भाषेने मात्र या सभ्यतेचा कायदा केला. तिथे चॅनलमध्ये टाकलेल्या वस्तूची मालकी पलीकडे जाते, आणि पाठवणाऱ्याने पुढच्या ओळीत ती पुन्हा वापरण्याचा प्रयत्न केला तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. रस्टच्या कडकपणाबद्दल तक्रारी करणारे पुष्कळ आहेत. या एका बाबतीत मी कंपायलरच्या बाजूचा आहे.

रांग वापरली म्हणजे लॉक गेले, असेही नव्हे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली आइंडहोव्हन येथे लिहिलेल्या टिपणात एक उत्पादक, एक ग्राहक आणि मधली मर्यादित जागा असा प्रश्न मांडला आणि तो तीन सेमाफोर, म्हणजे थ्रेडना थांबवणारे आणि सोडणारे मोजणीचे आकडे, वापरून सोडवला: भरलेल्या जागा किती हे मोजणारा एक, रिकाम्या जागा किती हे मोजणारा दुसरा, आणि प्रत्यक्ष ठेवा-उचलीच्या वेळी एकालाच आत सोडणारा तिसरा. आजच्या पायथनच्या क्यूचे पोट उघडून पाहिले तर हीच घडण सापडते. आत एक लॉक असतो आणि त्याला जोडलेल्या तीन अटी असतात, ‘रिकामी नाही’, ‘भरलेली नाही’ आणि ‘सर्व कामे संपली’. पहिल्या दोन डाइक्स्ट्रांच्याच आहेत. म्हणजे लॉकचा प्रश्न सुटलेला नसून प्रोग्रॅमभर विखुरलेले लॉक एका जागी गोळा झालेले आहेत, आणि ते काम जाणकार माणसांनी एकदा नीट करून ठेवलेले आहे. मला रांगेचे खरे मोल इथे वाटते. लॉकशिवायही रांगा बांधता येतात, मॅगेड मायकेल आणि मायकेल स्कॉट यांनी १९९६ साली दाखवलेली रीत जावा या भाषेत आजही वापरात आहे. पण ती घरी बसून नव्याने लिहिण्याच्या भानगडीत सामान्य माणसाने पडू नये.

आतला लॉक दिसत नसला तरी तो असतो, याची आठवण थेट मंगळावरून आली होती. ४ जुलै १९९७ रोजी उतरलेले पाथफाइंडर यान काही दिवसांनी मधूनच स्वतःला पुन्हा सुरू करू लागले. हवामानाची माहिती गोळा करणारे कमी अग्रक्रमाचे काम आपली माहिती पाइपमधून, म्हणजे एका प्रकारच्या रांगेतूनच, पाठवत असे. त्या पाइपच्या यंत्रणेतला एक अंतर्गत लॉक हाती असतानाच ते मध्यम अग्रक्रमाच्या कामांमुळे बाजूला ढकलले जाई, आणि त्याच लॉकची गरज असलेले वरच्या अग्रक्रमाचे काम ताटकळत राही. ते वेळेत उरकले नाही असे दिसले, की यानाची रखवालदार यंत्रणा सगळेच पुन्हा सुरू करी. लॉक ज्याच्या हाती आहे त्याला वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम तात्पुरता उसना द्यायचा, अशी सोय त्या यंत्रणेत होतीच, फक्त ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून ती चालू केली आणि यान सुरळीत झाले.

आता रांगेच्या लांबीकडे वळतो, कारण लिहिणाऱ्याची खरी कसोटी तिथे लागते आणि नेमका तोच निर्णय बहुतेक जण घेत नाहीत. जुन्या छायाचित्रांच्या मोठ्या संग्रहातून लहान आकाराच्या प्रती करणारा प्रोग्रॅम घ्या. एक थ्रेड डिस्कवरून चित्रे वाचून उलगडतो, दोन-तीन थ्रेड त्यांचा आकार कमी करतात आणि शेवटचा एक नोंदी डेटाबेसमध्ये लिहितो. हा शेवटचा एकटाच ठेवणे शहाणपणाचे असते, कारण एसक्यूलाइट या डेटाबेसची जोडणी ज्या थ्रेडने उघडली त्याच्याबाहेर वापरू द्यायला पायथन सहसा नकार देतो. २४ मेगापिक्सेलचे एक चित्र उलगडले की प्रत्येक बिंदूला तीन बाइट या हिशेबाने सुमारे ७२ मेगाबाइट जागा घेते. वाचणारा थ्रेड चपळ असेल आणि आकार कमी करणारे मंद, तर मधल्या रांगेत शंभर चित्रे साचायला फारसा वेळ लागत नाही, आणि शंभर चित्रे म्हणजे ७ गिगाबाइटच्या वर. पायथनची रांग काही न सांगता केली तर तिला मर्यादाच नसते. जावामधल्या लिंक्ड ब्लॉकिंग क्यूची न सांगितलेली मर्यादा २,१४७,४८३,६४७ इतकी असते. ही मर्यादा म्हणजे मर्यादा नाही हे सांगण्याची औपचारिक पद्धत आहे.

रांगेची मर्यादा आठ ठरवली, की सारे बदलते. नववे चित्र ठेवायला गेलेला थ्रेड जागा होईपर्यंत थांबतो, त्यामुळे वाचनाचा वेग आपोआप कामाच्या वेगाशी जुळतो आणि कोणी कोणाला ‘हळू’ असे सांगावे लागत नाही. गिरणीवालाही ओटा भरला की सांगतोच, “ताई, आता डबा ठेवू नका, संध्याकाळी आणा.” त्याच्या या वाक्याला आमच्या धंद्यात ‘बॅकप्रेशर’ असे भारदस्त नाव आहे. पुष्कळांना थांबणारा थ्रेड पाहिला की काहीतरी बिघडल्यासारखे वाटते आणि ते रांग वाढवतात. अमेरिकी गणिती जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम इथे डोळ्यांसमोर ठेवावा: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले वाट पाहण्याचा सरासरी वेळ. सेकंदाला दहा चित्रे येत असतील आणि रांगेत सरासरी तीस उभी असतील, तर प्रत्येक चित्र तीन सेकंद ताटकळते. तीनशे उभी राहू दिली तर तीस सेकंद. मोठी रांग अधूनमधून येणारे लोंढे झेलते, हे खरे. पण येणारे काम होणाऱ्या कामापेक्षा सतत जास्त असेल, तर ती केवळ वाईट बातमी उशिरा पोहोचवते.

प्रत्येक गोष्टीसाठी रांग लावावी असे माझे म्हणणे नाही. साधा मोजणीचा आकडा किंवा सर्वांनी वाचायची एखादी सेटिंग असेल तर एक लॉक पुरतो आणि तोच वाचायला सोपा जातो. दोन थ्रेडनी दोन मर्यादित रांगांमधून एकमेकांना कामे पाठवली, तर दोन्ही रांगा भरून दोघेही एकमेकांच्या दाराशी खोळंबू शकतात, म्हणजे टाळलेला डेडलॉक मागच्या दाराने घरात येतो. म्हणून कामाचा प्रवाह शक्यतो एकाच दिशेने ठेवावा. रांगेत किती वस्तू आहेत हे विचारण्याची सोय असते, पण मिळालेले उत्तर हाती येईपर्यंत शिळे झालेले असू शकते. ‘रिकामी नसेल तर उचल’ असे दोन पायऱ्यांत लिहिले, की त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा कोणी ती वस्तू उचलून नेतो, आणि आपण पुन्हा ४१ आणि ४२ च्या गोंधळात येऊन पडतो.

सर्वांत चिवट प्रश्न काम थांबवण्याचा असतो. रांगेतून उचलणाऱ्या थ्रेडला रांग रिकामी दिसली, तर काम संपले की नुसते उशिरा येते आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो. जुना उपाय असा, की शेवटी एक ठरलेली खूण ठेवायची आणि ती हाती आली की थ्रेडने घरी जायचे. उचलणारे तीन असतील तर खुणाही तीन लागतात, नाहीतर एक जण जातो आणि दोघे वाट पाहत बसतात. २०२४ साली आलेल्या पायथन ३.१३ मध्ये रांग बंद करण्याची स्वतंत्र आज्ञा आली, हे बरे झाले, जरी इतकी वर्षे ती नव्हती याचे नवल वाटते. त्याहून अवघड प्रकार म्हणजे काम उचलल्यावर एखादे बिघडलेले चित्र पाहून थ्रेड मध्येच मरतो, काम उरकल्याचे रांगेला सांगणारे ‘टास्क डन’ म्हणायचे राहून जाते, आणि सर्व कामे संपण्याची वाट पाहणारा ‘जॉइन’ जन्मभर वाट पाहतो. दुसऱ्याचा असा प्रोग्रॅम वाचायला घेतला, की मी ‘पुट’ आणि ‘गेट’ नंतर बघतो. आधी ‘टास्क डन’ हे ‘फायनली’च्या, म्हणजे मध्ये काहीही बिघडले तरी चालणाऱ्या भागाच्या, आत आहे की बाहेर, आणि बिघडलेल्या कामाची नोंद कुठे होते, एवढे शोधतो. ते बाहेर असेल आणि नोंद कुठेच नसेल, तर पुढचे वाचण्याआधी चहा टाकलेला बरा.