आमची वाटचाल : सत्तरीची बी, टांझानियाची बी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली काजू बी मार्चमध्ये पडू लागते आणि पाऊस लागला की खरेदी संपते. तेवढ्या मालावर आमचा काजू कारखाना जेमतेम तीन-चार महिने चालतो. कटिंग आणि सोलणीच्या बायकांना बाकीचे महिने काम द्यायचे तर आफ्रिकेची बी आणावीच लागते. तेव्हा आयातीच्या नावाने बोटे मोडणे आम्हाला शोभणारे नाही. पण कुठली आयात बागायतदाराला कुठे लागते, हे आमच्या काट्यावर स्पष्ट दिसते.

टांझानियाची बी ऑक्टोबर ते डिसेंबरात निघते. अत्यल्प विकसित देशांना भारताने २००८ मध्ये दिलेल्या सवलतीमुळे तिच्यावर शुल्क नाही. याला सगळे 'करार' म्हणतात, प्रत्यक्षात ती एकतर्फी सूट आहे. आयव्हरी कोस्ट त्या यादीत बसत नाही. तिथल्या बीवरचे शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ वरून २.५ टक्के झाले. अडचण या टक्क्यांपेक्षा तारखांची आहे. आपला हंगाम उघडतो त्या आधीच बंदरावरचा माल गोदामात लागलेला असतो, आणि मार्चचा पहिला भाव त्यावरूनच फुटतो.

बी कुठलीही असो, घेण्याआधी कापून बघायची. एक किलो नमुना कापून चांगल्या गराचे वजन करायचे. डागी गर निम्मा धरायचा. आलेल्या ग्रॅमना ०.१७६४ ने गुणले की ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर पडेल ते कळते. २७२ ग्रॅम म्हणजे ४८ पौंड, उत्तम माल. २५० ग्रॅम म्हणजे ४४. आम्ही खरेदीचा हिशेब यावरच करतो. नीट न वाळवलेली बी कंटेनरात घाम सुटून बुरशी धरते आणि कापल्यावर गर काळा निघतो. तो तोटा कागदावरच्या शुल्कात कुठेच दिसत नाही.

चार किलो बीला एक किलो गर, म्हणजे गराचा घाऊक भाव ४० रुपयांनी उतरला की बीचा १० रुपयांनी उतरतो. दोन टन बी काढणाऱ्याचे २० हजार रुपये गेले. पुढच्या हंगामाआधी रान साफ करायला तेवढेच पैसे लागतात. साफसफाई राहिली की पडलेली बी गवतात सापडत नाही, उन्हाळ्यात वणव्याची भीती वेगळीच.

म्हणून तयार गराची आयात आम्हाला जास्त खुपते. जून २०१९ मध्ये अख्ख्या गराची किमान आयात किंमत, म्हणजे ज्याखाली माल आणता येत नाही तो भाव, किलोला ७२० रुपये आणि तुकड्याची ६८० ठरली. ती ०८०१ या शीर्षकातल्या (सीमाशुल्काच्या यादीतला मालाचा क्रमांक) साध्या गराला लागू. तोच गर जरा शेकून, मीठ लावून २००८ मध्ये (हे साल नव्हे, शीर्षक) दाखवला की किमान किमतीतून सुटतो आणि १ जानेवारी २०१० पासूनच्या आसियान (व्हिएतनामसह आग्नेय आशियातल्या देशांचा गट) कराराची सवलत मागता येते. त्या करारात ३५ टक्के मूल्यवृद्धी, म्हणजे मालाच्या किमतीतला तेवढा वाटा त्या देशांतच तयार झाल्याचे, दाखवावी लागते. व्हिएतनाम मुख्यतः आफ्रिकेची आणि कंबोडियाची बी सोलतो. आमचाच हिशेब घ्या : १५० रुपयांची चार किलो बी ६०० ची, गर विकला ७२० ला, तर वाढ १७ टक्क्यांच्याही आत. ३५ कुठून आणणार? २१ सप्टेंबर २०२० पासून मूळ देशाची अशी माहिती आयातदाराला स्वतःकडे ठेवावी लागते. नियम चांगला आहे, विचारणारा मात्र हवा.

२०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर आम्ही दोन्ही माल वेगळे केले. बॉयलरची वेळ वेगळी, बोर्म्याचे (गर वाळवायची भट्टी) ट्रे वेगळे, नोंदवही वेगळी. सगळ्यात जास्त चूक सोलणीच्या टेबलावर होते, कारण साल निघाली की डब्ल्यू २४० चा (अख्ख्या गराची एक प्रत) दाणा सत्तरीचा की टांझानियाचा हे नजरेला कळत नाही. एक ट्रे जरी मिसळला, तरी अख्खी बॅच मानांकन नसलेल्या साध्या पाकिटात जाते.